वाटसरूचा राजपुत्र केला

पुस्तकाला पाय लागला तर ते उचलून कपाळाला लावायचं, ही शिकवण आमच्या कॉलनीत बाळकडूसारखी पाजली जायची. अशा कॉलनीत वाढलेली मी. नोकरी लागली, लग्न झालं, एका मुलीची आई झाले आणि मग एके दिवशी एक पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. नेम चुकला. ते तूरडाळीच्या डब्यावर आदळलं, डबा फळीवरून खाली आला आणि सुट्टीचा अख्खा दिवस मी स्वयंपाकघरात डाळ वेचत बसले. डाळ वेचून झाली तरी राग काही गेला नाही. आज इतक्या वर्षांनीही तो गेलेला नाही, आणि खरं सांगू, तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पुस्तक लहान मुलांचं होतं. हे ऐकलं की लोक हसतात. "पोरांच्या जादूच्या गोष्टीवर एवढं काय चिडायचं?" असं माझ्या नवऱ्यानंही विचारलं होतं. ज्यांना लहानपणी पोत्यानं पुस्तकं मिळाली त्यांनी खुशाल हसावं. आम्हाला पाच मिळाली होती, तीही एकेक करत, आणि ती अख्ख्या कॉलनीत मिळून.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही नाशिकरोडला कामगारांच्या कॉलनीत राहायचो. सगळी घरं बौद्धांची. माझे वडील छापखान्यात कामाला होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आईचं माहेर सिन्नरकडचं. एकदा तिकडून परतताना एसटीला उशीर झाला, मी कंटाळून भोकाड पसरलं आणि दादांनी मला गप्प करायला स्टँडवरच्या स्टॉलवरून एक पातळ पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावर डोंगर, डोंगरात दगडी दार आणि दारापुढे उघड्या अंगानं पाठमोरा उभा असलेला पोरगा. दादांनी आधी कागद बोटांत चोळून पाहिला. शाई ओली असतानाच पानं दुमडलीत, असा शेरा मारला. मग पुस्तक माझ्या हातात दिलं. नाशिकरोड येईपर्यंत ते माझं वाचून झालं होतं आणि मी पुन्हा पहिल्या पानावर आले होते.

गोष्ट अशी होती. एक सात दारांचा डोंगर असतो. त्या दारांच्या पलीकडे एक देश असतो, जिथं विहिरी माणसांशी बोलतात आणि झाडं रात्रीतून जागा बदलतात. प्रत्येक दारावर एक दगडी द्वारपाल बसलेला. तो येणाऱ्याला एकच विचारतो, "कुणाचा तू?" राजपुत्र येतात, घोड्यावरून उतरतात, बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घडाघडा सांगतात. दार ढिम्म हलत नाही. मग एक पोरगा येतो. तो डोंगराच्या पायथ्याशी सापडलेला, आईबापांचा पत्ता नाही, नाव नाही, सगळे त्याला नुसतं वाटसरू म्हणतात. तो म्हणतो, "कुणाचा नाही. वाटेवरचा आहे." आणि दार उघडतं.

का उघडतं, ते दुसऱ्या भागात होतं. ज्या पाथरवटांनी ही दारं घडवली, त्यांनाच काम संपल्यावर आत घेतलं नाही. तेव्हा जाताजाता त्यांनी दगडाच्या कानात सांगून ठेवलं, की जो घराण्याचा तोरा मिरवत येईल त्याला उघडायचं नाही. याच भागात एक पाथरवटाची पोर हातोडी घेऊन वाटसरूच्या सोबत निघते, ती पुढे शेवटपर्यंत त्याच्याबरोबर असते. मी तेव्हा अकराबारा वर्षांची होते. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या शाळेत वर्गातली मुलं आजोबांच्या तलवारी आणि पणजोबांचे वाडे सांगत असायची. मी गप्प बसायची. माझ्या आज्याचं सांगण्यासारखं खूप होतं, पण ते त्यांना ऐकायचं नव्हतं. आणि इथं एका पुस्तकात चक्क छापलं होतं की सांगण्यासारखं घराणं नसणं ही किल्ली आहे.

प्रत एकच, ऐकणारी पोरं ढीगभर. म्हणून रविवारी विहारात वंदना झाली की पायऱ्यांवर बसून मी मोठ्यानं वाचायची. माझा आवाज खणखणीत होता, उच्चार स्वच्छ होते. पोरांच्या मागे हळूहळू मोठी माणसं बसायला लागली. धुणं बाजूला ठेवून बाया यायच्या. पाळीवरून आलेले कामगार सायकल टेकवून उभे राहायचे. द्वारपालानं "कुणाचा तू?" विचारलं की मी मुद्दाम थांबायची. मग सगळी कॉलनी एका सुरात उत्तर द्यायची. शेजारच्या वस्तीतल्या लोकांना वाटायचं, आमच्याकडे दर रविवारी कसलीतरी सभा चालते.

पुढचे भाग दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत यायचे. आणि या सगळ्यात आम्ही एक चूक केली, जी फक्त आम्हीच करू शकलो असतो. पुस्तकावर लेखकाचं नुसतं टोपणनाव होतं, एकच शब्द. दादांनी त्यावरून निष्कर्ष काढला.

"आडनाव झाकून लिवतोय म्हंजी आपलाच हाय," ते म्हणाले. "त्यांच्यातला असता तर आधी आडनाव छापलं असतं, मंग गोष्ट."

यावर वाद घालायचं कुणाला काही कारणच दिसलं नाही. आडनाव लपवायची वेळ कुणावर येते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. शेजारचे एक काका तर छातीठोकपणे सांगायला लागले की लेखक मनमाडचा आहे आणि रेल्वेत आहे, त्यांनी त्याला एका सभेत पाहिलंय. तो डोंगरही कोणता हे आम्ही ठरवून टाकलं. मुंबईच्या रस्त्याला जी लेणी आहेत, तोच. बाकीचं नाशिक त्या लेण्यांना पांडवांचं नाव देतं, आम्ही नुसतं लेणी म्हणायचो. वैशाख पौर्णिमेला अख्खी कॉलनी शिदोरी बांधून तिथं जायची. मोठी माणसं वंदनेला बसायची आणि आम्ही पोरं एकेका गुहेच्या दगडी चौकटीला तळहात लावून कुजबुजायचो, वाटेवरचा आहे. दगड उन्हानं तापलेला असायचा. आम्हाला वाटायचं तो आतून गरम आहे.

पाचव्या भागात सहावं दार उघडलं. सातव्या दारापुढे वाटसरू आणि पाथरवटाची पोर उभे आहेत, संध्याकाळ झाली आहे, द्वारपाल अजून काही बोललेला नाही, आणि गोष्ट तिथंच थांबली. पुढचा भाग लवकरच, असं खाली छापलं होतं. तो आलाच नाही. मी दहावी झाले, बारावी झाले, तरी स्टँडवर गेले की त्या स्टॉलवर विचारायची. शेवटी स्टॉलवाला मला लांबून बघूनच मान हलवायला लागला.

त्या खणखणीत आवाजानं मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी दिली. ट्रंक कॉल जोडायचं काम. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात प्लग. "ताई, दिंडोरी लावा जरा." "मॅडम, मालेगाव अर्जंट आहे, माणूस दवाखान्यात आहे." त्या खुर्चीवर मला कुणी कधी आडनाव विचारलं नाही. सगळ्या जिल्ह्याला मी नुसता आवाज होते. ड्युटी संपवून रस्त्यावर आलं की मात्र पुन्हा सुरू. लग्नानंतर आम्हाला शहरात एक्स्चेंजजवळ भाड्यानं खोली हवी होती. आमचं आडनाव असं आहे की ते चार जातींत सापडतं. त्यामुळे घरमालकांची फार पंचाईत व्हायची. एकाकडे तर आम्हाला बसवून चहा टाकला गेला.

"आडनाव कळलं," मालक म्हणाले. "पण गाव कुठलं तुमचं?"

"नामपूर," माझा नवरा म्हणाला.

"हां हां, बागलाणातले. कांदा चांगला तिकडचा. आणि कुलदैवत कोणतं तुमचं?"

हा प्रश्न जे विचारतात आणि ज्यांना विचारला जातो, त्या दोघांनाही तो नक्की कशासाठी आहे ते माहीत असतं. नवऱ्यानं घसा खाकरला. तो काही बोलायच्या आत मीच बोलून गेले, "आम्ही वाटेवरचे आहोत." मालकीणबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मालक म्हणाले, खोलीचं काय आहे, पुतण्या यायचाय गावाहून, त्याच्यासाठी ठेवावी म्हणतोय. चहा न पिता आम्ही उठलो. जिन्यात नवरा म्हणाला, "दार काही उघडलं नाही तुझं." नाही उघडलं, खरंय. दारं पुस्तकातच उघडतात, एवढी अक्कल मला होती. पण मी त्या जिन्यावरून मान खाली घालून उतरले नाही. लाज वाटायची ती त्या माणसाला वाटावी, मला नाही, हे मला त्या पाच पातळ पुस्तकांनी शिकवलं होतं. विहारात मोठमोठी भाषणं मी ऐकली होती, ती डोक्यात होती. वाटसरू हाडात होता.

शेवटी खोली मिळाली, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. तिसरीत असताना ती एकदा खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडून रडत आली. तिच्या मैत्रिणीच्या आजीनं विचारलं होतं, तुमच्या घरात देव्हारा नाही, मग तुम्ही आहात तरी कोण. माझी मुलगी मला विचारत होती, "आई, आपण कोण आहोत? म्हणजे मी त्यांना काय सांगू?"

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. भिंतीवर फोटो होते, फडताळात चरित्रं होती. पण ती आठ वर्षांची होती. मी ट्रंकेतून पहिलं पुस्तक काढलं. पानं पिवळी पडली होती, शिवण सुटली होती. महिनाभरात पाचही भाग वाचून झाले. द्वारपालाच्या प्रश्नावर मी थांबायची आणि ती पलंगावर उभी राहून उत्तर द्यायची. एके दिवशी जिन्यात त्या आजीबाईंनी तिला पुन्हा काहीतरी विचारलं, आणि मी वरून ऐकलं, माझी पोरगी ठणकावून सांगत होती, "आम्ही वाटेवरचे आहोत." म्हातारीला त्यातलं काही कळलं नसणार. पण पोरगी रडत नव्हती, शिट्टी वाजवायचा प्रयत्न करत वर आली. मला तेवढंच हवं होतं. या पोरीनं कुणाच्याही दारात उभं राहून रडू नये, बाकी काही नको.

आणि त्याच वर्षी, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, रविवारच्या पेपरात एक चौकट आली. वाटसरू परत येतोय. सातव्या दाराचं रहस्य. इतक्या वर्षांनी!

मी ऑफिसात पेपर घेऊन नाचले. माझ्या शेजारी बसणारी ऑपरेटर म्हणाली, लॉटरी लागली की काय. मी दादांना निरोप पाठवला. मुलीला सांगितलं, तर तिनं त्या दिवसापासून रोज शाळेतून आल्यावर "आलं का?" असं विचारायला सुरुवात केली. पुस्तक आलं तेव्हा मी ठरवलं, आधी मी एकटी वाचणार. इतकी वर्षं वाट पाहिली होती, तेवढा हक्क माझा होता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मुलगी शाळेत गेली, नवरा कामावर गेला, मी चहा केला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बैठक मारली.

मागच्या कव्हरवर लेखकाचा फोटो होता. गोरे, चष्म्यातले, हसरे गृहस्थ. खाली पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निवृत्त अधिकारी. सध्या आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करण्यात मग्न. मनमाड नाही, रेल्वे नाही, आपला तर मुळीच नाही. मला हसू आलं. खोटं का बोलू, मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट मनात आलं, बघा, आपल्यातला नसूनही या माणसानं हे लिहिलं, केवढं मोठं मन असेल! अर्धा तास मी त्या माणसाला डोक्यावर घेऊन बसले होते.

मग ते पान आलं. सातव्या दाराशी एक म्हातारी दाई बसलेली असते. ती वाटसरूच्या खांद्यावरची निळी खूण पाहते, तलवारीच्या आकाराची. ती किंचाळते आणि त्याच्या पायांवर लोळण घेते. वाटसरू हा त्या देशाच्या राजाचा पाळण्यातून चोरलेला मुलगा निघतो! सगळी दारं त्याला उघडली ती त्याच्या उत्तरामुळे नाहीच. दगडांनी रक्त ओळखलं होतं. आणि पाथरवटांनी दगडाच्या कानात सांगितलेलं ते? त्याच्यावर प्रधान हसून म्हणतो, ती अडाणी लोकांची दंतकथा आहे. पुढे राज्याभिषेक. पाथरवटाच्या पोरीला राजा गळ्यातला हार बक्षीस देतो, आणि ती डोळे पुसत गर्दीत उभी राहून फुलं उधळते. हातोडी कुठं गेली, कुणी सांगत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बरं, निदान खोटं तरी नीट रचायचं! दगड रक्त ओळखत होते ना? मग पहिल्या भागात घोड्यांवरून आलेले ते सगळे राजपुत्र काय, त्यांच्या अंगात पाणी होतं? त्यातला एक तर त्याच राजाचा पुतण्या होता, पान काढून दाखवते. आणि ती खूण? मी ट्रंक उघडून पहिला भाग काढला. मुखपृष्ठावर पोरगा उघड्या अंगानं पाठमोरा उभा. खांदे स्वच्छ, कोरे. या माणसानं स्वतःचंच पुस्तक परत उघडून पाहायची तसदी घेतली नव्हती. आम्हाला ते पाठ होतं आणि लिहिणाऱ्याला आठवतही नव्हतं. तेव्हा मी नवं पुस्तक फेकलं. डाळीचं सांगितलंच.

मुलीला ते द्यायचं नाही, हे डाळ वेचतानाच ठरवलं. संध्याकाळी तिनं विचारलं, "आलं का?" मी म्हटलं, अजून नाही. पुस्तक कपाटावर, सुटकेसच्या मागे टाकलं. माझ्या मनात काय होतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. आपणच सातव्या दाराचा शेवट रचून तिला सांगावा, असं काहीतरी होतं.

पुढच्या रविवारी सकाळी शहरात एका वाचनालयाच्या सभागृहात त्याच लेखकाचा सत्कार होता. दादा नाशिकरोडहून आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. मागच्या कव्हरवरचा फोटो त्यांनी लांब धरून, जवळ धरून पाहिला होता आणि एवढंच म्हणाले होते, "असू दे. आदी लिवलं तर हुतं ना त्यानं." पिशवीत त्यांनी तो पहिला भाग घेतला होता, सहीसाठी. मला त्यांचाही राग आला.

हार झाले, नारळ झाला, शाल झाली. लेखक बोलायला उभे राहिले. मृदू बोलत होते, हात जोडत होते. वाईट माणूस वाटत नव्हता, हे मला जास्त लागलं. ते म्हणाले, कुलवृत्तान्ताचं काम करताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाला मूळ असतं. मग माझ्या वाटसरूनंच काय पाप केलंय? त्या बिचाऱ्याला मी इतकी वर्षं बेवारशी ठेवलं, याची मला टोचणी लागली. म्हणून म्हातारपणी त्याला त्याचं घर मिळवून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी डोळे पुसले.

प्रश्न विचारायला सांगितल्यावर मी उभी राहिले. माझ्या आवाजाला माइक लागत नाही. मी आधी त्या पुतण्याचं विचारलं, मग मुखपृष्ठावरच्या कोऱ्या खांद्याचं. ते हसले. "बाई, तुम्ही माझ्यापेक्षा बारकाईनं वाचलंय," असं म्हणाले. सभागृहही हसलं.

"पाथरवटांच्या सांगण्याची दंतकथा का केलीत?" मी विचारलं.

"अहो, मुलांच्या गोष्टीत इतकं खोल जायचं नसतं," ते म्हणाले. "शेवटी वाचकाला समाधान हवं. पोरगं अनाथच राहिलं, असं कसं चालेल? त्याला घर नको?"

"त्याला घर नव्हतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हणाले. "आमच्याकडे राहत होता तो. इतकी वर्षं. आमच्या कॉलनीत, विहाराच्या पायऱ्यांवर. तुम्ही त्याला घर दिलं नाही साहेब, आमच्या घरातून उचलून नेलंत."

मघाशी हसणारी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, लागलं. तेवढ्यात अध्यक्षांनी माइक ओढला आणि म्हणाले, "वा! वाचकाचं लेखकावरचं प्रेम म्हणतात ते हे!" आणि कडाडून टाळ्या पडल्या. माझ्यासाठी. शेजारची बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, किती छान बोललात हो. मी मारलेल्या थपडेचा त्या लोकांनी हार करून टाकला. विहाराच्या पायऱ्या म्हणजे कुठल्या पायऱ्या, हे त्या गर्दीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लेखकही टाळ्या वाजवत होते. बोलायला आणखी काही उरलंच नाही. दादांनी पिशवीतलं पुस्तक बाहेर काढलेलं होतं, ते त्यांनी परत आत सरकवलं आणि पिशवीची गाठ मारली.

बसस्टॉपवर ते म्हणाले, "तू म्हनालीस ते बरोबर हाय. पन मानूस म्हातारा हाय गं."

"तुम्ही पण म्हातारेच आहात," मी म्हणाले. "तुम्ही कुणाचं काय उचलून नेलंत?"

त्यावर ते हसले आणि नाशिकरोडच्या बसमध्ये चढले. मी घराकडे चालत निघाले. रस्ताभर माझ्या डोक्यात वाक्यं फिरत होती, हे बोलायला हवं होतं, ते बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मी खूषही होते. कुणीतरी त्या माणसाच्या तोंडावर बोललं होतं, आणि ती मी होते. घरी जाऊन मुलीला जवळ घ्यायचं आणि सातवं दार तिला माझ्या तोंडून सांगायचं, असं मी पक्कं केलं. शेवटही सुचला होता. पाथरवटाची पोर हातोडी उचलते आणि दाराची बिजागरीच काढून टाकते, म्हणजे पुन्हा कुणाला उत्तर द्यायची वेळच येऊ नये.

घराचं दार उघडंच होतं. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. मला बघून म्हणाला, "अगं, तुझ्या त्या पुस्तकासाठी रुसून बसली होती. कपाटावर दिसलं तिला. सारखं मागत होती, मग दिलं काढून. सकाळपासून एका बैठकीत वाचलं की तिनं!" त्याच्या आवाजात कौतुक होतं. मी त्याला एवढंच म्हटलं होतं की पुस्तक भिकार आहे. का, ते समजावून सांगितलं नव्हतं.

मी आत गेले. पुस्तक पलंगावर पालथं पडलं होतं. माझी मुलगी कपाटाच्या आरशापुढे उभी होती. तिनं फ्रॉकची मागची बटणं काढली होती, फ्रॉक खांद्यावरून खाली ओढला होता आणि मान वळवून वळवून आरशात स्वतःची पाठ बघत होती. एका हातात माझा पावडरच्या डबीतला छोटा आरसा होता. तो ती खांद्याच्या मागे धरत होती, हलवत होती, पुन्हा धरत होती.

मला पाहून तिचा चेहरा फुलला. "आई, तो राजपुत्र निघाला!" ती म्हणाली. "त्याला पण माहीत नव्हतं आधी. मला नीट दिसत नाहीये. तू बघ ना, माझ्या पाठीवर काही आहे का?"

मी तिच्या मागे गेले. तिची पाठ मी रोज धूत होते, पुसत होते. तिच्यावर काय आहे आणि काय नाही हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तरी मी खाली बसले आणि पाहिलं. तिनं श्वास रोखून धरला होता.

"काही नाही गं," मी म्हणाले.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

छोटा आरसा तिनं माझ्या हातात दिला आणि खाली मान घालून उभी राहिली. मी तिचा फ्रॉक वर ओढला आणि एकेक बटण लावत गेले.

त्या माणसाला मी माफ करणार नाही.